नाव न घेता फोनला कळलं

एका सकाळी दवाखान्याच्या मॅडमनं अंगणवाडीत एक बोलका फोन आमच्यापुढं ठेवला, तेव्हापासून किस्से जमूनच राहिले. लेकराचं दुखणं बोलून सांगायचं, फोन उपाय सांगतो म्हणे. मी सातवी शिकलेली, सोनू दोन वर्षांचा. मला एकच धास्ती, ऐन वेळी फोनला माझं बोलणंच नाही समजलं तर?

पहिल्याच दिवशी तसंच झालं! शेजारची सुमनबाई म्हणाली, "लेकराले माता आली." गोवर-कांजण्यांना आम्ही माता म्हणतो. फोन म्हणे, "समजलं नाही." सुमनबाई चिडली, "तुले लेकरं नाईत, तुले काय समजन!"

मग मॅडम आमच्यात बसल्या. एका दुखण्याला आम्ही काय काय म्हणतो, ते सारं विचारून फोनमध्ये एकमेकांना जोडलं, अन् तेच आमच्या घरच्या फोनांतही घातलं. माझी सासू म्हणे, "आमी सोयरिकी जुळवतो, हे बाई दुखणे जुळवून राहिली!"

एकदा फोननं सुमनबाईला नवऱ्याचं नाव विचारलं. ती कशाला घेते! "बंटीचा बाप," म्हणाली. फोननं बंटीच्या लसीच्या नोंदीवरून बाप शोधला अन् सगळ्यांपुढं खणखणीत नाव घेतलं! सुमनबाईनं पदर ओढला, "काऊन रे, तुले लाज नाई?"

सोनूचं अंग तापलं तेव्हा मी रडकुंडीला आले. फोन म्हणाला, "काल लस टोचली आहे, त्यानं ताप येतो. दूध पाजत राहा." आमचे हे म्हणाले, "पाय, फोन तुह्यापेक्षा शांत हाय!"

पण धानाची रोपं लावतो त्या रोवणीच्या दिवसांत एक दिवस वेगळाच आला. सोनू बांधावर किंचाळला. पायावर दातांचे दोन ठसे, अन् गवतातून काहीतरी सळसळत गेलेलं. सासू ओरडली, "नाव नोको घेऊ त्याचं! नाव घेतलं का परतून येते." मी फोनला एवढंच म्हटलं, "पोराले जनावर डसलं."

मॅडमनं हा शब्दही जोडून ठेवला होता. फोननं लगेच सांगितलं, "पाय हलू देऊ नका. बांधू नका, कापू नका. झाडफूक नको. थेट सरकारी दवाखान्यात न्या."

यांनी गाडी काढली. सोनूला मांडीवर घट्ट धरून मी मागं बसले. दवाखान्यात सलाईनमधून औषध चढलं. संध्याकाळी पोरानं डोळे उघडून मुरमुरे मागितले, तेव्हा कुठं माझ्या जीवात जीव आला.

डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलं. साप विषारी होता."

सासूनं त्यांचा हातच धरला, "हळू बोला ना सायब! आयकते तो."

डॉक्टरांनी आवाज खाली केला!

तुमच्याकडं लहान लेकरू असो नसो, एवढं चार घरी सांगा: बांधू नका, झाडू नका, आधी दवाखाना. नाव नाही घेतलं तरी चालते.