आंधळ्या घोड्याचं आधीचं

सकाळपासून आभाळ मळक्या चादरीसारखं खाली आलेलं, आणि वारा असा की धड गार नाही, धड गरम नाही. बॅटरीमामानं थेटरच्या दर्शनी भागातली काचेची पेटी उघडली, पोस्टरचा सुटलेला कोपरा टाचणीनं दाबला आणि काचेवर फडकं मारलं. वाऱ्यानं धूळ परत आणून बसवली. त्यानं परत फडकं मारलं. रविवार होता. तीनचा खेळ, मग सहाचा. त्याआधी दारांच्या बिजागऱ्यांना तेल, पायऱ्यांना झाडू, बॅटरीला नवे सेल. हात आपले चालले होते. डोकं ठिकाणावर नव्हतं. शुक्रवारपासून एका गोष्टीचा त्याला उलगडा होत नव्हता, आणि सोमवारी सकाळी अकराच्या आत तो व्हायलाच हवा होता.

बॅटरीमामा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. अंधारात उशिरा आलेल्यांना खुर्ची दाखवायचं काम तो एकोणतीस वर्षं करत होता. झोत कुणाच्या तोंडावर न पाडता नेमका पावलाशी पाडायचा, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नसे, म्हणून ते नाव चिकटलं. बायकोसुद्धा शेजारणीला सांगायची, ‘आमची बॅटरी अजून घरी आली नाही.’

पण त्याचं खरं काम अंधारातलं नव्हतंच, उजेडातलं होतं. थोरल्या मालकांनी त्याला कामावर घेतलं त्याच दिवशी दंडक घालून दिला होता: पडद्याकडे पाठ, पब्लिककडे तोंड. पिक्चर बघायला तिकीट काढलेली माणसं आहेत, तुला मी माणसं बघायला ठेवलाय. त्यामुळे खेळ संपायच्या दहा मिनिटं आधी मामा बाहेर येऊन बंद दारापाशी उभा राहायचा. आतली वाद्यं चढली की दोन्ही दारं सताड उघडायचा आणि उतरणाऱ्यांकडे बघायचा. पहिल्याच पायरीला जो गाडीची किल्ली चाचपतो, त्याच्यापुरता पिक्चर मेला. तिसऱ्या पायरीवर जो उगाच थांबतो, मागच्याचा धक्का खाऊनही हलत नाही, तो आणखी चौघांना घेऊन येणार. सोमवारी अकराला थोरले मालक विचारायचे, “राहू दे, की जाऊ दे?” मामा दोहोंतलं एक सांगायचा, आणि तसा पिक्चर कंपनीला फोन जायचा. एकोणतीस वर्षांत तो दोनदाच चुकला. एकदा तापानं फणफणला होता, आणि एकदा त्याच आठवड्यात मुलगी झाली होती, तेव्हा त्याला सगळंच जग राहू द्यावंसं वाटत होतं.

आता थोरले मालक गुडघ्यांपायी घरीच बसले होते आणि कारभार त्यांच्या लेकीकडे आला होता. बाई वागायला चांगली होती, मामाला खुर्ची दिल्याशिवाय बोलायची नाही. पण तिच्या हातात सदा फोन, आणि फोनमध्ये लोक पिक्चरला चांदण्या देतात ते ती बघायची. शुक्रवारी पहिल्या खेळाच्या आधी तिनं मामाला बोलावून सांगितलं होतं, की बाबांचा रिवाज मी मोडलेला नाही, या वेळीही तुम्हांलाच विचारणार. पण उत्तर नीट आलं नाही, तर पुढच्या वेळेपासून मी फोनवरच बघत जाईन, तुम्हांला उगाच त्रास कशाला.

हे ‘त्रास कशाला’ मामाला चपलेतल्या खड्यासारखं टोचलं. सोमवारी विचारणारं कुणी नसलं, तर तो नुसता दार उघडणारा माणूस. आणि दार काय, आजकाल स्प्रिंगसुद्धा उघडते.

त्यात पिक्चर आला तो असा. ‘मिठाचं अरण्य’ माहीत नाही असा माणूस त्या भागात सापडला नसता. मिठाची झाडं, मिठाचे पक्षी, त्यातून वाट काढणारी एक हरवलेली मुलगी आणि तिला पाठीवर घेऊन चालणारा पांढरा आंधळा घोडा. चाळीस वर्षांपूर्वीचा पिक्चर. पण दरवर्षी सुट्टीत आठवडाभर लागायचा, आणि लहानपणी रडलेली माणसं आपली पोरं घेऊन परत रडायला यायची. आता इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याच्या आधीची गोष्ट काढली होती. नाव ‘अरण्याआधी’. त्यात निघालं असं, की तो घोडा मुळात घोडा नव्हताच. माणूस होता. एका दुष्ट राजाचा सरदार, ज्यानं गावंच्या गावं जाळली होती.

शुक्रवारी दारं उघडली आणि मामा बघतच राहिला. किल्ली कुणी चाचपली नाही. तिसऱ्या पायरीवर माणसं थांबली खरी, पण गप्प नाही, भांडत. पाठीमागची माणसं पुढच्यांवर आदळली आणि तीही भांडणात उतरली. सहाच्या खेळाला आलेली मंडळी खाली ताटकळत उभी आणि वरची हलायला तयार नाहीत. एक नवरा बायकोला विचारत होता, की हा आधीचा का नंतरचा, आणि आधीचा असेल तर नंतर का काढला. ती म्हणाली, तुला आपल्याच घरातलं आधीचं नंतरचं कळत नाही, तर हे काय कळणार. जुना पिक्चर न बघितलेली एक कॉलेजातली पोरगी ढसाढसा रडत होती, तर तिची आई, जिनं तो दहा वेळा पाहिला होता, ती कोरडी ठाक.

मामाच्या हिशोबात हे बसेना. रडणाऱ्यांना आवडला म्हणावं तर त्यातले निम्मे रागानं रडत होते. हसणाऱ्यांना नावडला म्हणावं तर ते उद्याची तिकिटं काढून गेले. एक ना धड, भाराभर चिंध्या.

शनिवारी तर कहर झाला. चौकातले घड्याळजी आले होते. ‘मिठाचं अरण्य’ त्यांनी अकरा वेळा पाहिलेला, आणि दुकानात घोड्याचं चित्र लावलेलं. ते तिसऱ्या पायरीवर चष्मा पुसत उभे राहिले. शेजारी शाळेतल्या एक बाई, मुलांना भाषा शिकवणाऱ्या.

“वरातीमागून घोडं ऐकलं होतं,” घड्याळजी म्हणाले, “हे तर वरात घरी जाऊन झोपल्यावर घोड्याचे जुने गुन्हे घेऊन आलेत.”

बाई म्हणाल्या, “उलट मला आज कुठे तो घोडा कळला. शेवट आठवा ना. घोडा पाण्याशी येऊन थांबतो, मुलगी एकटी पलीकडे जाते. का थांबतो, ते आज समजलं. त्याला पलीकडे जायचा हक्कच वाटत नाही.”

“मला तेव्हाच समजलं होतं.”

“काय समजलं होतं?”

“की ते समजून घ्यायचं नसतं.”

बाई हसल्या आणि घड्याळजी रागावले, पण मामाचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याच्या हातातलं दार सुटून धाडकन भिंतीवर आपटलं होतं.

घोडा थांबतो?

मामाच्या लेखी तो घोडा गेली एकोणतीस वर्षं मरत होता. त्यानं शेवट कधी पाहिला नव्हता, तो दाराबाहेर असायचा. शेवटाला बोलणं नाही, नुसती वाद्यं. पण लोक डोळे पुसत बाहेर यायचे, धडधाकट बाप्ये पोरांचा हात घट्ट धरून यायचे, त्यावरून त्यानं ताडलं होतं, की घोडा मेला. हाताच्या काकणाला आरसा कशाला? कुणाला विचारावं असं कधी वाटलंच नाही. मुलगी लहान असताना त्यानं तिला ती गोष्ट तशीच सांगितली होती, घोडा मिठात कोसळतो, मुलगी त्याच्या मानेला मिठी मारते, सगळं साग्रसंगीत. ऐकून ती दोन दिवस जेवली नव्हती. पुढे घरच्या टीव्हीवर पिक्चर लागला की शेवट जवळ येताच ती उठून टीव्ही बंद करायची, आणि मामा म्हणायचा, बरोबर आहे, कशाला बघायचं. त्यामुळे घरातल्या तिघांनाही शेवट ठाऊक नव्हता आणि तिघांनाही तो पाठ होता.

शनिवारी घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती गणवेशांना काजं करत बसली होती. म्हणाली, “म्हणजे तोंडं वाचता तुम्ही, आणि वाचता ते चूक.” मग सुईत दोरा ओवता ओवता तिनं विचारलं, “बाकीच्या पिक्चरांचं काय?”

ते मामाच्या डोक्यात आलंच नव्हतं. आता आलं, आणि झोप गेली.

म्हणून रविवारी काच पुसता पुसता त्यानं ठरवलं. तीनचा खेळ संपत आल्यावर तो तिकीटखिडकीतल्या बाईंकडे गेला आणि म्हणाला, आज दारं तुम्ही उघडा. त्यांनी विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, तसंच समजा. आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा, पब्लिकवरून नजर काढून, तो मागच्या भिंतीला टेकून पडद्याकडे बघत उभा राहिला.

सरदार मिठाच्या मैदानात गुडघ्यांवर बसला होता. समोर एक म्हातारी. ती विचारते, तुला काय हवं. तो म्हणतो, मी केलेलं मला दिसू नये. म्हातारी म्हणते, ते होईल, पण मग पुढचंही काही दिसणार नाही. तो मान खाली घालतो. मान लांब होत जाते. मग मैदानात नुसता एक पांढरा घोडा, आणि फार लांबून एका पोरीच्या पावलांचा आवाज. घोडा कान टवकारतो. संपलं.

दिवे लागले. मामा हलला नाही. त्याला बरं वाटत होतं आणि कुणीतरी खिसा कापल्यासारखंही वाटत होतं. ज्यानं गावं जाळली त्याला इतकी सोपी सुटका? का ही शिक्षाच? आणि ती पोरगी पुढे त्याच्या मानेला मिठी मारणार, तिला कुठे ठाऊक आहे? गर्दीनं त्याला ढकलत बाहेर आणलं. पायऱ्यांवर तिकीटबाईंनी विचारलं, “काय मामा, कसा आहे?” मग त्याच्या लक्षात आलं, की आपण तिसऱ्या पायरीवर उभे आहोत आणि मागचा माणूस केव्हाचा खांद्याला धक्का देतोय.

सहाच्या खेळाआधी त्यानं मुलीला फोन लावला. ती सासरी, दुसऱ्या गावात. एका दवाखान्यात औषधं देण्याच्या कामावर. त्यानं सरळ सांगून टाकलं, की ‘अरण्या’तला घोडा मरत नाही, पाण्याशी थांबतो, मी चुकीचं सांगितलं होतं.

मग ती म्हणाली, “बाबा, मग आपण इतकी वर्षं टीव्ही का बंद करत होतो?”

तिनंच पुढे विचारलं, थांबतो म्हणजे नुसता थांबतो? तो म्हणाला, असं लोक म्हणतात. ती म्हणाली, मरतो तेच बरं होतं, निदान एकदा रडून मोकळं होता येत होतं. मग कुणीतरी औषधाची चिठ्ठी घेऊन आलं आणि तिनं फोन ठेवला.

सोमवारी अकराला मामा वर मालकीणबाईच्या खोलीत गेला. तिनं खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

“राहू दे, की जाऊ दे?” तिनं विचारलं. वडिलांसारखंच, अगदी त्याच सुरात.

मामानं रात्रभर दोन्ही उत्तरं तोंडात घोळवून पाहिली होती. कुठलंही एक ठोकून देता आलं असतं. नाणं फेकलं तरी निम्मी खात्री होतीच, आणि बाईला काय कळणार होतं.

“नाही सांगता येत,” तो म्हणाला.

“म्हणजे लोकांना आवडला नाही?”

“आवडला. आणि नाही आवडला. एकाच माणसाला दोन्ही. मी काल आत जाऊन शेवट बघितला. दंडक मोडला तुमच्या वडिलांचा. आता मला माझंच सांगता येत नाही, तर त्यांचं काय सांगू?” मग त्यानं उरलंसुरलंही सांगितलं, घोडा मरतो असं समजत होतो तेसुद्धा. ते ऐकताना बाई हसली नाही. त्यानं उलट मामाला जास्त कसंसं झालं.

तिनं फोन उचलला, चांदण्या बघितल्या आणि त्याच्यापुढे धरला. निम्म्यांनी पाचच्या पाच दिल्या होत्या, निम्म्यांनी एक. फोननं सगळ्यांची मिळून सरासरी तीन काढली होती.

“तीन कुणीच दिलेल्या नाहीत,” ती म्हणाली. “एकानंही नाही. बघा.”

मामानं बघितलं. खरंच नव्हत्या.

बाईनं कंपनीला फोन लावला आणि सांगितलं, गुरुवारपर्यंत राहू दे, पुढचं बुधवारी कळवते. असं अर्धवट उत्तर त्या खोलीतून आजवर कधी गेलं नव्हतं. मामा वाट बघत राहिला, की आता ती त्याचं काय ते सांगेल: पुढच्या सोमवारी यायचं, का त्रास घ्यायचा नाही. ती कागद चाळत होती. मध्येच मान वर करून म्हणाली, “बुधवारी किती वाजता येता?”

“बुधवारी तर तुम्ही कधी विचारत नाही.”

“हो, ते खरं,” ती म्हणाली, आणि परत कागदांत शिरली.

याचा अर्थ ये असा घ्यावा का येऊ नको असा, हे जिना उतरेपर्यंत त्याला ठरवता आलं नाही. खाली हॉलमध्ये सगळे दिवे लागलेले होते. सातव्या रांगेतल्या कुणीतरी खुर्चीच्या बुडाला च्युइंगम चिकटवून ठेवलं होतं, एक नाही, चार ठिकाणी. मामानं खिशातली बोथट सुरी काढली, गुडघे टेकले आणि खरवडायला सुरुवात केली.