निरंक

राळेगावकडच्या त्या तांड्यात कुणाला ताप आला, कुणाचे दिवस भरले, कुणाच्या बाळाची लस चुकली, की लोक थेट बसंतीबाईचं दार गाठत. चौदा वर्षं आशाताई म्हणून राबलेली ही बाई जिभेची तिखट. गरोदर सुनेला कापूस वेचायला पाठवणाऱ्या सासूला ती दारातच असं काही सुनवायची, की सासू स्वतः सुनेला घेऊन दवाखान्यात जायची. दुखणं झाकणाऱ्यांवर तिचा भारी राग. आणि स्वतःच्या घरात आलं तेव्हा बाईनं सहा महिने झाकून ठेवलं.

तिची अर्पिता दहा वर्षांची. बाप देवीलाल याच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजाराला निघाली होती. रंग न मारलेल्या नव्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि पोर डोक्यावर आपटली. यवतमाळला चार दिवस बेशुद्ध होती. मग डोळे उघडले, हळूहळू चालू लागली. जखम भरली, डोक्याचा स्कॅनचा फोटोही चांगला आला. देवीलालनं नवस फेडून सगळ्या तांड्याला जेवू घातलं.

दोनेक महिन्यांनी पोर बदलली. भाजी गार म्हणून ताट भिरकावी. जिवाभावाच्या मैत्रिणीला चावली. गाडीचा आवाज आला की कान दाबून भिंतीशी बसे आणि तासन्‌तास रडे. आजी रामीबाई म्हणाली, "लाडानं बिघडली." बसंतीबाईला ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं. फोटो चांगला आहे, मग हा हट्टच. तिनं पोरीला मारलं. एकदा नाही, बऱ्याचदा.

खरं तर तिला भीती वेगळीच होती. 'डोक्यावर परिणाम झाला' एवढं एकदा तांड्यात फिरलं, की पोरीचं पुढं कसं व्हायचं? म्हणून दर महिन्याच्या अहवालात 'मानसिक आजाराचे रुग्ण' यापुढं ती वळणदार अक्षरात लिहायची, निरंक.

एका दुपारी ती अहवालच भरत होती. अर्पिता शेजारी येऊन बसली आणि आईला बंजारा बोलीत हाक मारत म्हणाली, "याडी, मी तवाच मेली असती तं बरं झालं असतं." रडून नाही. भूक लागली म्हणावं तसं सांगितलं.

बसंतीबाईनं लिहिलेला शब्द खोडला आणि तिथं पोटच्या पोरीचं नाव घातलं. ती रात्रभर पोरीला कुशीत घेऊन पडली, आणि सकाळच्या एसटीनं दोघी यवतमाळला गेल्या.

तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं निवांत ऐकलं. मग म्हणाल्या, "डोक्याला मार लागल्यावर काही मुलांना असा त्रास होतो, जखम भरली तरी. फोटोत सगळंच दिसत नाही. ही मुद्दाम करत नाही, ताई. उपचार आहेत, पण वेळ लागेल."

बसंतीबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अर्पिता आईकडे वळली. आवाजात राग नव्हता.

"मंग तू मले मारलं काहून?"

अख्ख्या तांड्याला जाब विचारणारी बाई पोरीपुढं खाली बसली. "माह्यं चुकलं, बाई," ती कशीबशी म्हणाली. "मले समजलंच नाई."

अर्पितानं ऐकून घेतलं. माफ केलं की नाही ते ती बोलली नाही, आणि विचारायचं तोंड बसंतीबाईला उरलं नव्हतं.