आत्यांच्या भजनाची चाल

त्या वर्षी देवीशी माझा अबोला होता. अर्धांगवायूनं सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्यांची, वाचा गेली आणि मी देवघरात दिवा लावायचंच सोडलं. जिनं जन्मभर तुझी भजनं म्हटली, तिचाच गळा धरायचा? हा कुठला न्याय गं बाई? आत्या दिवसभर एकच चाल गुणगुणायच्या, शब्दांशिवाय. आम्ही नुसतं बघत बसलो की चिडायच्या, पुढचं ताट सारायच्या. डॉक्टर म्हणाले, "ते गाणं शोधा, त्यांच्यासोबत म्हणा. कधी कधी गाण्याच्या वाटेनं बोलणं परत येतं." पण गाणं कुठलं? त्यांच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं आणि गल्लीतल्या बायकांनाही कळेना.

माईकपुढं चाल म्हटली की गाणं ओळखणारी साइट निघालीय, असं पेपरात वाचलं आणि राजारामपुरीतला नेट कॅफे गाठला. माझा आवाज भसाडा. मी सुरू केल्यावर आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसायला लागली. हसा लेको, म्हटलं, आणि परत परत म्हणत राहिले. शेवटी पडद्यावर नाव आलं, ते एका जुन्या हिंदी सिनेमातल्या गाण्याचं! मी कपाळाला हात लावला. आत्या थेटराची पायरीसुद्धा चढल्या नव्हत्या. तरी म्हटलं, आलोय तर ऐकूया, आणि हेडफोन काढून ते मोठ्यानं लावलं.

शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा होते. परदेशातल्या लेकाशी बोलायला चंदगडाहून आलेले. गाणं वाजलं तसा त्यांनी टाळ्यांनी ठेका धरला आणि त्या चालीवर भलतेच शब्द म्हणू लागले, "हाक माझी पोचली का, ओ दे माझे आई..."

"मामा, हे काय म्हणताय?"

"आमच्या गावच्या देवीचं भजन हाय की! चाल तेवढी सिनेमाची घेतल्याली."

आत्यांचं माहेर चंदगडाकडचंच. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. घरी चला म्हणून मी हात जोडले, तर म्हणाले, "चला की. यस्टी संध्याकाळी हाय."

खाटेजवळ बसून त्यांनी भजन धरलं. दुसऱ्या कडव्याला आत्यांचे ओठ हलले. आधी नुसतं 'आई' आलं, मग सगळी ओळ आली. भजन संपल्यावर आत्यांनी माझ्याकडं बघून डोळे वटारले आणि अडखळत म्हणाल्या, "पावण्यास्नी... च्या... ठेव की!" चहा ठेवताना मी ढसाढसा रडले.

पोथीतले पाहुणे काम झालं की अदृश्य होतात. आमचे मामा दोन कप चहा पिऊन, साखर कमी पडल्याचं सांगून एसटीला गेले. हा चमत्कार होता का, ते मला विचारू नका. आत्या पुढं हळूहळू बोलायला लागल्या. त्यांची बोलणी खाताना इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

दिवा मी पुन्हा लावते. पूर्वी देवीला हे दे, ते कर, असं सांगत बसायची. आता नुसती हात जोडून आत्यांची चाल गुणगुणते, शब्दांशिवाय, भसाड्या गळ्यानं. ओळखणारी ओळखते.