ड्रमवरचं बदक

परवा रविवारी लेकीला पक्षी दाखवायला जुन्या खदानीवर गेले. सुट्टीला माहेरी, गारखेड्याला आलेय ना... ती खदान बुजवून आता तिथं झाडं लावलीत, पायवाटा केल्यात. मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण लेकीचा हट्ट.

एका कडुनिंबाखाली अर्धा कापलेला निळा ड्रम पक्ष्यांसाठी पाणी भरून ठेवला होता. लेक म्हणाली, "मम्मा, बदक." मी पाण्यात बघतेय, तर बदक ड्रमवर... लाल ऑइल पेंटचं, एका पायाचं. मी सातवीत असताना काढलेलं. वर आईच्या अक्षरात ‘कुलकर्णी’.

मी मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला.

त्या दुष्काळात आमच्या गल्लीत टँकर यायचा. रस्त्यावर रांगेत लावलेला हा ड्रम एका सकाळी गायब झाला आणि आईनं शेजारच्या सुलभाकाकूंवर आळ घेतला. काकू म्हणाल्या, "वहिनी, घराची झडती घ्या." आईनं खरंच घेतली, सगळ्या गल्लीसमोर.

तेव्हापासून बोलणं बंद. आमच्याकडे नळ कधीही येतो, म्हणून ज्याला आधी कळेल त्यानं भिंतीवरून दुसऱ्याला हाक मारायची. ती हाकही बंद झाली... त्याला इतकी वर्षं झाली, की आता माझी लेक शाळेत जाते.

मी तिथल्या वॉचमनकाकांना ड्रमबद्दल विचारलं. "रस्ता रुंद केला तवा सगळा मलबा इथं आणून टाकला ताई. झाडांना खड्डे खांदताना लई ड्रम निघाले."

आमचा रस्ता त्याच उन्हाळ्यात रुंद झाला होता. टिपरनं मलब्याबरोबर ड्रमही उचलला असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

घरी येऊन आईला फोटो दाखवला. तिनं तो मोठा करून बघितला. "मी तिची कपाटं उघडली गं..." एवढंच म्हणाली, चपला घातल्या आणि शेजारी गेली.

परत आली ती डोळे पुसत. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत म्हणे.

आज सकाळी आई बादल्या घेऊन अंगणात नळाची वाट बघत होती. नळाला धार लागली आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "वहिनी... नळ आला."

आई बादल्या टाकून भिंतीकडे गेली. आमच्या घरात पाणी असं वाहून जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं... आणि नळ बंद करायला मीही उठले नाही.