घासाघिशीत तोडलेला दिवस

देऊळघाटच्या त्या कॉम्प्युटरवाल्या बाईंनी मला फसवलं. माझं लग्नपत्रिकांचं दुकान. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून शेकडो फायली एका दमात हलवायला मला शिकायचं होतं. बाई म्हणाल्या, तीन दिवस लागतील. मी सवयीनं घासाघीस करून दोनावर आणले आणि मिशीत हसलो.

शिकवताना त्या प्रत्येक आज्ञेआधी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवत. म्हणत, "काका, आधी आपण कोन्त्या फोल्डरमधी हाओ ते पाहा, मंग बोट चालवा." मला वाटलं, बाई वेळ काढतात.

दुकानात येऊन कॉम्प्युटरमधला जुन्या फायलींचा कचरा पुसायला बसलो. कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते पाहिलंच नाही आणि बारा वर्षांचे पत्रिकांचे नमुने साफ पुसून टाकले. कचरापेटीही रिकामी.

तणतणत बाईंकडे गेलो. "पुसलेलं वापस येत नाही, हे मले काऊन नाही सांगतलं?"

"काका, ते अन् नक्कल ठेवनं तिसऱ्या दिवशी होतं. तो दिवस तुमीच तोडला."

बाजारातली मेथीवालीसुद्धा माझ्याशी भांडल्याशिवाय जुडी सोडत नाही. मग माझ्यासारखा शहाणा स्वतःचं नुकसान ठरवून घेत असताना या बाई का भांडल्या नाहीत? याचा जाब त्यांनी दिलाच पाहिजे.