तिप्पट नाही, पाचपट

कापराचा डबा उघडला की मला अजून तो फोन आठवतो. तुळजापुरात नवरात्राची गर्दी होती आणि मी सुटीत आईच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात कापराचा डबा उघडून बसलो होतो. माझा शोधनिबंध पाठवायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. गुंतलेल्या जाळ्यातून मोजके बिंदू काढून त्यातली सगळी चक्रं कशी तोडायची, हा माझा विषय. काढायचा एक बिंदू वाढला की संगणकाला लागणारा वेळ फार तर तिप्पट होतो, असं मी सिद्ध केलं होतं. माझे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, एक शक्यता तपासायची राहिली आहे, सिद्धता टिकत नाही, निबंध पाठवायला नको. बाहेर संबळाचा आवाज होता, म्हणून मी ओरडूनच बोललो, “दावा कमी करू सर, तिप्पट नको, पाचपट म्हणू. पाचपटीत ती शक्यताही बसते. तासाभरात लिहून देतो.” “हा काय बाजार आहे का?” “पाया पडतो सर, एवढं जाऊ द्या.” फोन बंद झाला. हळदीच्या हातानं मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो, त्यांनी उचलला नाही. आई म्हणाली, “कोण हाय रं? इतकं खाली उतरू न्हाय, समोरचा आजून पाडतो.” पुढच्या वर्षी सरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा निबंध छापून आला. त्यात पाचपटच होतं, आणि माझं नाव शेवटी, आभारात. आता मी स्वतः शिकवतो, तरी सुटीत या गल्ल्यावर बसतो, आणि कोणी भाव पाडून मागितला की कापराच्या डब्याला झाकण लावतो.