अर्ध्या एकरातलं गवत

बाबांनी मला अर्धा एकर दिला तेव्हा अट एकच घातली. एक हंगाम. माझी कपाशी बाकीच्या वावराच्या बरोबरीने राहिली तर पुढच्या वर्षी दोन एकर, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही. वलगावच्या आमच्या घरात हे फार मोठं औदार्य होतं. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी मला मोटरसायकलच घेऊन दिली.

माझं म्हणणं साधं होतं. त्या अर्ध्या एकरात तणनाशक मारायचं नाही. कपाशीच्या दोन ओळींमध्ये बरबटी, म्हणजे चवळी, आणि मूग पेरायचे. उपटलेलं गवत धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, न फेकता तिथेच मातीवर अंथरायचं. आपण उन्हात ओढणी गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि मातीला मात्र उघडी टाकतो, हे मला पटत नव्हतं. हे वाक्य मी मनात कितीदा तरी बोलले होते. मोठ्याने एकदाही नाही. कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी पुस्तकी आहे. गावात तोंड उघडलं की कुणीतरी हसतं, म्हणून मी ते उघडतच नाही.

ऑगस्टपर्यंत बरबटी छान पसरली. मधेमधे गवतही होतं. आमच्याकडे वावरात गवत दिसणं म्हणजे पाहुणे आलेले असताना घरात केर पडलेला असणं. रस्त्याने जाणारा माणूस गाडी थांबवून बाबांना विचारायचा, "काहून भाऊ, बकऱ्या पाळून राह्यले काय?" बाबा हसायचे आणि रात्री जेवताना माझ्याकडे बघायचे नाहीत.

तेवढ्यात अकोल्याला दोन दिवसांचं शिबिर होतं, शेतीचा वेगळा विचार करणाऱ्यांचं. मी गेले. एसी हॉल, मातीतल्या जिवांचे सुंदर फोटो, जेवण प्लास्टिकच्या डब्यात. पहिल्या वक्त्याने धरतीमाता हा शब्द इतका वापरला की मी ऐकणंच सोडलं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, गवत निंदायला बाया मिळत नाहीत, त्याचं काय करायचं? उत्तर आलं, दृष्टी बदलायला हवी. बाईंनी वही मिटली. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. बसले नाही. माझी पाळी आली तेव्हा मात्र मी इंग्रजीत माझ्या अर्ध्या एकराबद्दल सांगितलं, ओढणीच्या वाक्यासकट. चाळीस अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या.

परत आले त्याच संध्याकाळी वावरात गेले. बरबटीने माना टाकल्या होत्या. पानांच्या कडा जळून तपकिरी झाल्या होत्या. मूग गेला, गवतही गेलं. कपाशी तेवढी उभी होती, मधल्या भाजलेल्या पट्ट्यांमुळे आणखीच उंच दिसत होती.

शेजारच्या वावरातून काका हात हलवत आले. काका म्हणजे नात्याचे नव्हेत, धुऱ्याचे. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून आहे, आणि मी लहान होते तेव्हापासून ते मला बोरं देत आले आहेत.

"आली काय माय? पाह्य, कसं साफ करून देल्लं तुयं वावर! नोजलले डबा लावून तणनाशक मारलं. पऱ्हाटीले एक थेंब नाही लागू देल्ला."

"काका, बरबटी होती ना तिथे."

"बरबटीचं काय घेऊन बसली? बजारातून पावशेर आणून देतो."

त्यांच्या पाठीवर पंप तसाच होता, आता ते स्वतःच्या वावरात मारत होते. पाय उघडे. चपला धुऱ्यावर काढून ठेवलेल्या. काका वावरात चपला घालून कधीच शिरत नाहीत. माय हाय ते, म्हणतात. विष मारतानाही नाही. पोटऱ्यांपर्यंत ओले पाय घेऊन ते माझ्यासमोर उभे होते, आणि मी त्याच मातीत स्पोर्ट्स शूज घालून. अकोल्यात दोन दिवस ज्या आदराच्या गप्पा ऐकल्या, तो आदर या माणसाला शिकवायचा कुणी? मला इतका वैताग आला की रडूही येईना.

घरी आईने त्यांना चहा दिला. वर म्हणाली, "तुमी होते म्हणून झालं, भाऊजी."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काका, ते गवत मी मुद्दाम ठेवलं होतं."

"मुद्दाम? गवत?"

मी सांगितलं. अडखळत, निम्मे शब्द चुकवत. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "हे आधी सांगाले काय झालं होतं तुले? मी तं रोज धुऱ्यावर बसून राह्यतो."

बाबा तिथेच बसून सगळं ऐकत होते.

"अट ते अट," बाबा म्हणाले. "एकच हंगाम ठरला होता. तो गेला."

"हा हंगाम धरायचा नाही," मी म्हणाले.

बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी चहा बशीत ओतला. "देऊन टाका भाऊ, आणखी एक साल. पण माह्या धुऱ्यालगतच्या चार ओळी मी साफ ठेवीन. तिच्या गवताचं बी माह्या वावरात येते, त्याले कोण निंदते?"

"नाही," मी म्हणाले.

"दोन ओळी."

"एकही नाही, काका. बी धरायच्या आत मी कापून टाकीन. स्वतः."

"इळा धरता येते काय तुले?"

"नाही."

यावर आईसुद्धा हसली. बाबा हसले नाहीत. "अर्धाच एकर," ते म्हणाले. "दोनाचं नाव काढाचं नाही."

काकांनी बशी खाली ठेवली. "मंग उद्या सहाले ये, इळा धराले शिकवतो. अन् कंबर दुखली तं मले सांगू नको."

त्यांच्यावरचा माझा राग अजिबात कमी झाला नव्हता. मी साडेपाचचा गजर लावला.